तेविसावं घर

न्हाई न्हाई मॅडम, ड्रायव्हरभाऊला सांगा गाडी हितंच लावा, फुडं रस्ता न्हाई — व्हय, जानेवारीत बी नव्हता, पाऊन तास चालला व्हता की तुमी, इसरला? — अन् जरा हळू चला माज्यासंगं, वर वस्तीत पोचायच्या आधी मला तुमास्नी एक सांगायचंय. ती पिशवी द्या हिकडं. द्या वो. काय हाय ह्यात, क्यालेंडरं? नव्या वर्साची? किती, तेवीस? म्हंजी घराला एक. बरं. आमच्या आबाचं बी धरलंय न्हवं त्यात? — न्हाई, इचारलं आपलं. आबाला यंदा क्यालेंडर लागंल का न्हाई, त्याच्यावरच सगळं अडलंय.

हसू नका मॅडम. हसायजोगं काय बोललो मी? माज्या तोंडाचा दोष हाय तो, मला म्हाईत हाय — गंमत करताना बी असंच ऱ्हातं अन् खरं बोलताना बी असंच. आई म्हनती तू झोळीत बी असाच बघायचास, भूक लागलीया का आमची चेष्टा करतोयस कळायचं न्हाई. पन आज गंमत न्हाई. आबा जेवत न्हाई. शिदू आबा, माजा आजा — तेच वो, तुमी त्यांच्यासंगं फोटू काढला, संस्थेच्या पुस्तिकेवर छापला बी, खाली लिवलं 'आनंदी वार्धक्य' — ते आनंदी वार्धक्य पंधरा दिस झालं जेवत न्हाई. सकाळी दोन घोट पेज, ती बी आईनं फुडं बसून पाजली तर. भाकरी म्हनलं की भिंतीकडं तोंड. डॉक्टर? नेलं की. डोली करून खालच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं समदं तपासलं अन् म्हनला ह्यांना आजार काय न्हाई, घरी न्या, जेवायला घाला. आमी म्हनलं, अवो ते जेवत न्हाईत म्हनून तर आनलं. तो म्हनला, मग जेवतील. आबा कॉटवर पडून ऐकत व्हता. 'आजार न्हाई' म्हनल्याव त्याचं तोंड उतरलं. खरंच उतरलं मॅडम. मी खंडाळ्याच्या बंगल्यांवर कामाला हाय न्हवं, तितल्या मॅनेजरचं टार्गेट ऱ्हायलं की महिनाअखेरीला कसं दिसतं, तसं दिसाया लागलं.

आता का जेवत न्हाई ते सांगतो. बघून चला, हितं मुरूम सुटा हाय.

तुमी तो कार्यक्रम घेतलाता न्हवं, जानेवारीत, समाजमंदिरात — 'नवे वर्ष, कृतज्ञता आणि जमेल एवढेच ध्येय'. ब्यानर अजून हाय, कोंडाजीकाकानं भाताच्या कणगीवर झाकलाय, उंदीर येत न्हाईत म्हनं. तर तुमी पयली कृतज्ञता घेतली. गोल करून बसवलं, म्हनला डोळे मिटा अन् ज्यांचे आभार मानायचेत त्यांना मनात आना. बायांनी डोळं मिटलं, निम्म्या तितंच झोपल्या, पहाटेपास्नं उठलेल्या. मग तुमी रेंज शोधायला वरच्या खडकावर गेलता अन् फॉर्म माज्याकडं दिलता. तवा आबाची पाळी आली. आबा म्हनला, मला आजवर जो इसरला त्याचं आभार. कोन इसरला, आबा? तर म्हनला, कोन म्हंजी, न्यायला येतो तो. माज्या बारक्या भावाला न्यायला आला, तुज्या आजीला न्यायला आला, दोनदा आपल्याच दारात आला अन् मी समोर बसलेलो बघून बी इसरून गेला. लय उपकार. आता हे कुटं लिवायचं? तुमच्या फॉर्मात कुटुंब, निसर्ग, शेजारी अन् इतर, एवढंच. मी 'इतर'वर टिक मारली.

मग ध्येय. जाताना तुमी मला बजावून गेलता — हृतिक, मोठंमोठं लिहू देऊ नकोस, जमेल एवढंच, लोकं हरली की पुन्हा येत न्हाईत. बरोबर हाय, मी तसंच सांगितलं समद्यांना, बाई म्हनल्यात जमंल एवढंच. शकुबाई म्हनली मी मिसरी सोडीन. कोंडाजीकाका म्हनला मी माज्या भावासंगं बोलीन, हौशीरामासंगं, बांधावरनं सोळा वर्सं बोलणं बंद. चिंगी मावशीनं लिवलं सही शिकायची. माज्या आईनं लिवलं — लिवलं म्हंजी मीच लिवलं, ती बोलली — दिसातनं एकदा समद्यांच्या संगं बसून गरम जेवायचं. मला म्हाईत बी नव्हतं मॅडम ती गरम जेवत न्हाई ते. बावीस वर्सं तिच्याच हातचं खातोय. असो. मी मोठ्या तक्त्यावर मार्करनं लिवत चाललेलो, घराम्होरं तितल्या समद्यांच्या ओळी. आबाजवळ आलो. आबा, तुमचं काय? आबा म्हनला, मला काय जमतंय आता. अन् माजा हात थांबला न्हाई. एका सेकंदाचं काम. 'शिदू आबा — यंदा मरणार.' लिवलं, अन् वर मोठ्यानं वाचून दाखवलं.

समदी हसली. चिंगी मावशी कोंडाजीकाकाच्या अंगाव पडली हसून. आबा हसला न्हाई. तक्त्याकडं बघत बसला — वाचता येत न्हाई त्याला, पन बघत बसला — अन् मी खोडाया गेलो तर माजा हात धरला. म्हनला, ऱ्हाऊ दे. बाई म्हनल्यात जमंल एवढंच लिवा. एवढंच जमंल. अन् आंगठा म्होरं केला, शाई लाव म्हनला.

काय? न्हाई, तुमच्या टॅबमधी 'रोज थोडे चालणे' हाय, ते मला म्हाईत हाय. ते बी मीच लिवलं. तुमाला काय मरणार म्हनून लिवून देऊ? वर हापिसात काय म्हनले असते तुमाला? अन् तुमी सप्टेंबरात आलता, आबा काठी टेकत टेकत तुमच्या गाडीपर्यंत खाली आलता, तुमी खूश होऊन हिरवी टिक मारली. तो चालायचं ध्येय म्हनून आला नव्हता मॅडम. तो तुमाला सांगाया आलता की माजं अजून व्हत न्हाई, काय करू. अन् तुमी त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हनला, खूप छान आबा, घाई नको, हळूहळू होईल.

हां. आता नका हसू म्हनायची गरज न्हाई दिसत. बरं.

आता तुमी म्हनाल, एवढं काय, म्हातारं मानूस हाय, समजूत काढा. काढली असती. पन बाकीची ऱ्हायली न्हाईत ना मागं! तितंच घोटाळा झालाय. बाकीच्या बावीस घरांनी करून दाखवलं. शकुबाईनं मिसरी सोडली, जूनपास्नं बोट दाताला लावलं न्हाई, वस्तीतल्या समद्यांना शिव्या घालती पन मिसरी न्हाई. चिंगी मावशी सही शिकली — आता थांबत न्हाई, भिंतीवर सही, पत्र्यावर सही, भोपळ्यावर कोवळा असतानाच सही केली, आता तो वाढेल तशी सही बी वाढतीया. कोंडाजीकाका रोज सकाळी बांधावर जाऊन भावाला म्हनतो 'काय रं', अन् हौशीराम म्हनतो 'काय न्हाई', अन् दोघं आपापल्या घरी जात्यात. बोलणं म्हंजी बोलणं. तक्त्यावर टिक. आई गरम जेवती. आन् माजं ध्येय तर तुमीच सुचवलंतं, आठवतंय का — 'गंमत करणार नाही'. ते बी पुरं. वर्सभर एक गंमत केली न्हाई मी. कारन एकच चालू व्हती, तिलाच पुरत नव्हतो.

तेविसापैकी बावीस. एक घर ऱ्हायलं, आमचं — आईचं झालं, माजं झालं, आबाचं तेवढं न्हाई. नीट ऐका हां, आबा मरावा असं कुनालाच वाटत न्हाई. शकुबाई एक दिसाआड त्याला शिरा करून आनती. पन आनती अन् म्हनती, कसं काय आबा? आबा म्हनतो, बरं हाय. ती म्हनती, असू दे असू दे. अन् उठून जाताना समाजमंदिराकडं बघती. कोंडाजीकाका येतो, कसं काय? बरं हाय. असू दे. कुनी वाकडा शब्द काढत न्हाई. पन 'असू दे' कसं म्हनत्यात ते ऐकू येतं की मानसाला. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिशी आबा आईला म्हनला, एका माज्यापायी समद्यांची टाकी अडली असं व्हाया नको. अन् ताट सरकवलं. तवापास्नं —

कोनती टाकी म्हनता?

पान्याची. मॅडम, हितं बसा जरा. हा दगड बरा हाय, सावली बी हाय. पानी देऊ? प्या. माज्या बाटलीतलं हाय, खंडाळ्याचं, फिल्टरचं.

थांबा हां, फोन येतोय — हॅलो — व्हय साहेब — व्हय व्हय, स्विमिंग पूलच साफ करतोय — चार नंबरच्या बंगल्यावर — हिरवा न्हाई दिसत साहेब, ते झाडाचं पडतंय त्याच्यात — आवाज? पान्याचाच हाय — व्हय, संध्याकाळच्या आत सातीच्या साती. ठेवतो.

असं बघू नका. ही गंमत न्हाई, ही नोकरी हाय. आज एकतीस डिसेंबर, सात बंगल्यांत पार्ट्या, सात पूल, अन् मी हितं दगडावर. जाळीनं पानं काढायची, पावडर टाकायची, पानी निळं दिसलं पायजे. कुनी पोहत बी न्हाई त्यात मॅडम, कडंला बसून फोटू काढत्यात. अन् हिकडं मार्च लागला की आमच्या बाया झऱ्यावर वाटीनं हंडा भरत्यात. माज्या आईच्या टाळूवर चुंबळीनं केस गेल्यात, एवढं गोल. खाली बघा, ते धरन दिसतंय का? भरलंय पार. वस्तीवरनं समदं पानी दिसतं. दिसतं एवढंच.

तर टाकी. तुमी मला फोन केलाता का न्हाई कार्यक्रमाच्या आधी — हृतिक, तीस माणसं तरी जमव, फोटोत मंदिर रिकामं दिसायला नको. मी 'जमवतो' म्हनलो. मला बी वाटलं, मॅडमनी मला टी-शर्ट दिलाय, 'स्वयंसेवक' लिवलेला, आपल्या हातनं कायतरी व्हावं. पन वस्तीत सांगितलं तर कोन यायला तयार न्हाई. आभार मानायला कोन येतंय, कामं पडल्यात. मग मी म्हनलो, टाकी हाय. म्हंजी असं सरळ न्हाई म्हनलो. म्हनलो संस्थेची योजना हाय, ज्या वस्तीतली समदी घरं वर्सात आपापलं ध्येय पुरं करतील, तितं एकतीस डिसेंबरला पान्याची टाकी मंजूर. कोंडाजीकाका म्हनला, अन् एखादं घर ऱ्हायलं तर? मी म्हनलो, मग न्हाई. एक जरी ऱ्हायलं तरी न्हाई. ते मी मुद्दाम घातलं मॅडम! बचाव म्हनून! तेवीस घरांनी मिळून एक गोष्ट केलीय असं मी जन्मात बघितलं न्हाई, साधी होळी पेटवायची तर दोन ठिकाणी पेटवत्यात. मला वाटलं मार्चपर्यंत चार-पाच जण सोडतील, शकुबाई तर आठ दिसांत मिसरी लावंल, अन् मी म्हनीन, गेली बघा टाकी, तुमच्यामुळंच गेली. कुनाला काय कळलं नसतं. साधी गंमत व्हती. लोकं एवढी मनावर घेतील हे माज्या डोक्यातच आलं न्हाई. आजवर कुनी त्यांना 'जमंल एवढंच करा' म्हनलंच नव्हतं वो. समदी येऊन न जमणारं सांगून जायची.

सांगितलं की! काय वाटतं तुमाला, सांगितलं न्हाई? आबानं ताट सरकवलं त्याच रात्री कोंडाजीकाकाला जाऊन सांगितलं, काका, टाकी बिकी काय न्हाई, मी बनवलं ते. काकानं माज्या खांद्यावर हात ठेवला, म्हनला, नातू हायस, तुला असंच वाटनार. दुसऱ्या दिशी समाजमंदिरात समद्यांफुडं उभं ऱ्हाऊन सांगितलं, पाया पडून सांगितलं. शकुबाई रडली. म्हनली, बघा पोराचा जीव कसा तुटतोय आजोबासाठी, खोटं बोलाया लागलं बिचारं. टाळ्या वाजवल्या मॅडम. मी खरं बोललो त्याला टाळ्या. अन् त्यांची चूक न्हाई — दोन वर्सांमागं मी म्हनलोतो शूटिंगवाले येणार हायत, तर बारा बाया नवी लुगडी नेसून रस्त्याला बसल्या व्हत्या दिसभर. त्या आदल्या साली सांगितलं वाघाची मोजणी करणारे येणार, ज्याच्या गोठ्यात वाघ सापडंल त्याला सर्टिफिकेट. तवा लोकांनी विश्वास ठेवला. आता जन्मात एकदा खरं बोलतोय तर —

आबाला? आबाला तर पयलं सांगितलं. जवळ बसलो, कानाशी. आबा, टाकी न्हाई, मी खोटं बोललोतो. त्यानं ऐकून घेतलं. मग माज्या केसांतनं हात फिरवला अन् म्हनला, माज्यासाठी खोटं बोलू नगस. चांगला हायस तू. आन् झोपला.

म्हनून तुमी. म्हनून म्हनतो, तुमी सांगा. तुमच्या गळ्यात ओळखपत्र हाय. तुमी म्हनलात टाकी न्हाई, तर न्हाई. शिव्या मला बसू द्या, मारू द्या, मी वस्ती सोडून खंडाळ्यालाच ऱ्हाईन, पंपाच्या खोलीत झोपाया जागा हाय मला. पन आबा जेवला पायजे. टाकी न्हाई म्हनल्यावर त्याला मरायचं काय कारन ऱ्हातंय? एवढं एकच वाक्य बोलायचंय तुमाला. 'टाकी नाही, आणि कधीच नव्हती.' कार्यक्रम करू नका, भाषण करू नका, डोळे मिटायला लावू नका. वर गेल्या गेल्या पयलं हे वाक्य. म्हनून दाखवा एकदा. — मोठ्यानं. — हां. परत. आबाला कमी ऐकू येतं, 'टाकी' जरा जोरात.

काय बघताय? काय म्हनायचंय?

नसतंच ना तुमच्याकडं टाकीचं काय? मी आपलं — मधी एकदा वाटलं व्हतं, तुमच्या हापिसात इचारावं, एखादी कुटं पडून असली, रिकामी का हुईना, जुनी. तेवढी वर नेऊन ठेवली असती तर. — न्हाई. बरं. — काय? मार्चला बंद? अख्खा प्रकल्प? म्हंजी तुमी आज — शेवटची चक्कर? आन् हे कवा ठरलं? — दिवाळीच्या आधी. तीन फोन झालं आपलं त्यानंतर. तुमी तर म्हनला, हृतिक, पुढच्या वर्षी आणखी छान करू. — न्हाई, मी कोन रागवणारा. तुमाला सांगवत नसंल. मला कळतंय. माज्याइतकं कुनाला कळणार ते?

उठा. चला. ऊन चढलं की आबाला आत नेत्यात.

तो वळसा घेतला की वस्तीच. हळू, तितं शेण पडलंय. तो ओटा? तो देवाचा न्हाई मॅडम. टाकीचा. आक्टोबरात बांधला समद्यांनी, नदीवरनं दगडं आनली डोक्यावर, कोंडाजीकाका अन् हौशीरामानं मिळून रचला — तेवढंच एक काम केलं दोघांनी संगं, न बोलता. चुना बी लावलाय. ती हळदकुंकवाची बोटं शकुबाईची. वरच्या कडंला खडूनं काय लिवलंय ते चिंगी मावशीची सही. हाकला वो त्या शेरडांना कुनीतरी, मॅडमचा फोटू यायचा.

आली बघा समदी. हार केल्यात तुमाला, झेंडूचं. मी नगं म्हनलोतो. घालून घ्या, आता काय. रामराम काका. व्हय, आनलं मॅडमना. न्हाई काका, वाटेत काय शिकवलं न्हाई मी त्यांना. न्हाई म्हनतोय ना. — बघितलं मॅडम? आधीच इचारत्यात. म्हनून लवकर बोला. हिकडं, हिकडनं या. ती बाज बाहेर काढलीया न्हवं, उन्हाला, तितं. हाच आबा. व्हय. एवढाच ऱ्हायलाय. सप्टेंबरात बघितलं व्हतं त्याच्या निम्मा म्हना. आई हाय ती, पेजेची वाटी घेऊन बसलेली, सकाळपास्नं तिसऱ्यांदा गरम केली.

आबा. आबा, बाई आल्यात. त्या फोटूवाल्या. — जवळ बसा मॅडम, त्याला लांबचं दिसत न्हाई. हात धरतोय तर धरू द्या. गार लागंल, दचकू नका. काय म्हनतोय? 'बाई, माफी करा, माजं तेवढं ऱ्हायलंय. दिस मावळायच्या आत बघतो.' — ऐकलं? ऐकलं न्हवं? बोला आता. समदी गप हायत, ह्याच्यासारखा येळ न्हाई. टाकी न्हाई, आणि —

थांबा, परत काय म्हनतोय. 'माजं झालं म्हंजी टाकी येती न्हवं, बाई?' तुमालाच इचारतोय. माज्याकडं नका बघू, त्याच्याकडं बघा. बोला की. रडता काय? रडायचं नंतर, खाली गाडीत. एक वाक्य. मॅडम. मॅडम, मान नका — अवो मान —

डोलावली.

टाळ्या वाजवू नका! ए! काका, त्यांना थांबवा, हलगी नगं वाजवू रं तू, ऐका, त्यांना तसं म्हनायचं नव्हतं, त्यांनी नुसती मान — आबा, त्यांना टाकी म्हाईतच न्हाई, अवो आत्ता दगडावर बसून मीच — आबा, एक घोट घे. आई, दे त्याला. एक घोट, आबा. — सरकवली. बघितलं मॅडम? वाटी सरकवली त्यानं. हसतोय बघा. वर्सात पयल्यांदा हसतोय.

न्हाई, आता नका बोलू. आता बोललात तर म्हनतील हृतिकनं पढवलं. बसा खाली, नका उभं ऱ्हाऊ — न्हाई, उठा, बसू बी नका. तुमी जावा. वाट ठाऊक हाय न्हवं? उतारच हाय, पाऊन तास बी लागायचा न्हाई. पिशवी ठेवा हितं, मी वाटतो. जावा मॅडम. अन् तो हार काढू नका, गाडीपर्यंत गळ्यातच असू द्या — बाया बघतायत.